फुलांचा देव, तांदळाचा देव

आक्का बोटं मोडायच्या. समोरच्या घराकडं तोंड करून, कडाकडा. सकाळची पूजा आटोपली की एकदा आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की एकदा. समोरच्या घरात त्यांचा धाकटा दीर राहायचा.

मी कोल्हापुरात शाळेत मास्तर होतो आणि आक्कांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. पाणी फडक्यातून गाळून पिणारी, वाटेतल्या मुंगीला वळसा घालून जाणारी ही बाई दिराच्या नावानं बोटं मोडते याचं मला आधी नवल वाटलं. एकदा म्हणालो, तुमच्या जैन धर्मात तर ज्याचं त्याचं कर्मच फळ देतं, देवसुद्धा मध्ये पडत नाही. आक्का म्हणाल्या, “व्हय की. पर कर्माला लई येळ लागतो, मास्तर. तवर मी हाय.”

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच सुमारास आमच्या बोळात देवाची वाटणी झाली. उत्तरेकडचा एक पंडित बस्तीत, म्हणजे इकडच्या जैन देवळात, प्रवचनं करून गेला. फुलात जीव असतो, म्हणून देवाला फूल वाहू नये, केशरात रंगवलेले पिवळे तांदूळ वाहावेत. दुधादह्याचा अभिषेक नको, पाणी पुरे. आणि बायकांनी मूर्तीला हात लावू नये. दीर बस्तीचे पंच होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णांना हे पटलं. दुसऱ्या सकाळी आक्का परसातल्या मोगऱ्याची परडी घेऊन नेहमीसारख्या अभिषेकाला मूर्तीपाशी चढल्या, तेव्हा आण्णांनी भरल्या बस्तीत मनगट धरून त्यांना खाली उतरवलं. परडी कलंडली. कुणी उचलायला पुढं आलं नाही.

आक्कांनी महिन्याभरात स्वतःच्या घरच्या सोप्यात पितळेचे पार्श्वनाथ बसवले आणि त्यांना फुलांनी झाकून टाकलं. निम्मा बोळ पूजेला तिकडं वळला. मग काय, फुलवाले आणि तांदूळवाले एकमेकांच्या घरचं पाणी पिईनात, एकमेकांत सोयरीक करीनात. दोन वर्षांत फुलवाल्यांतही तोडलेलं फूल चालतं की गळून पडलेलंच, यावरून दोन घरं वेगळी झाली. माझी मात्र चैन होती. मी कुठल्याच देवाचा नव्हतो, त्यामुळं दोन्हीकडनं ताट यायचं.

पंथ का फुटतात याची कारणं पोथ्यांत पुष्कळ सापडतील. तीही मी ऐकली. आक्कांनी एका म्हाताऱ्या शास्त्र्याकडून फुलांच्या बाजूचे श्लोक पाठ केले, आण्णांनी तांदळाच्या बाजूचे छापून वाटले. एकदा मी सरळच विचारलं, देवाला फूल नाही मिळालं तर त्याचं काय बिघडतं? आक्का म्हणाल्या, “देवाचं काय बिघडतंय? आण्णानं माझा हात धरला, मास्तर. चारचौघांत.” त्या दिवसापासून मला वाटतं, आधी मनगट आणि मग श्लोक, असंच बहुतेक ठिकाणी झालं असावं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.

आण्णांना एकच मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली, म्हणून पोर आक्कांनीच वाढवली. आक्कांना स्वतःचं मूल नव्हतं. देव वाटले गेले तरी ही पोर दुपारी बोळ ओलांडून यायची आणि आक्कांकडून वेणी घालून घ्यायची. आण्णांनी कानाडोळा केला. ती लग्नाची झाली तेव्हा पेठ वडगावचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर सुखवस्तू, आणि फुलवाल्यांतलं. पोर मनातून खूष होती. आण्णांनीही पोरीसाठी मान तुकवली होती.

आक्का मोटारीनं वडगावला गेल्या. तिथं त्या एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. तुमच्या देवाला फूल वाहिलेलं बघणंसुद्धा पाप, असं पोरीच्या बापानं छापलंय, एवढंच सांगून त्यांनी तो कागद मुलाच्या आईपुढं ठेवला. लग्न मोडलं. संध्याकाळी आक्कांनी शिरा केला आणि मलाही वाटीभर पाठवला. मी तो खाल्ला नाही. पोरीचं काय, म्हणून विचारायला खाली गेलो. त्या म्हणाल्या, “तिला मी दुसरं आणतो की, ह्याच्याहून चांगलं. आधी बापाची मान खाली हू दे.”

दुसरं आलंच नाही. फुलवाल्यांना बाप नको होता, तांदूळवाल्यांना काकू. पोरीचं वेणी घालून घ्यायला येणं बंद झालं. एक दिवस गावावरून जाणाऱ्या साध्वींच्या मागं ती निघून गेली आणि पुढं केस उपटून, दीक्षा घेऊन तीही साध्वी झाली.

काही वर्षांनी ती कोल्हापुरात आली. या साध्वींचा एक नियम असतो. मनाशी एखादी खूण ठरवून त्या आहाराला निघतात. ज्या दारात ती खूण दिसेल तिथंच थांबतात, नाही दिसली तर उपाशी परततात. खूण कुणाला सांगत नाहीत. आण्णा त्यांच्या दारात कलश घेऊन उभे, आक्का त्यांच्या दारात. पांढऱ्या लुगड्यातली, हातात मोरपिसांची पिंछी घेतलेली ती पोर खाली बघत मधून चालत गेली. उपाशीच परतली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी कलशावर नारळ ठेवला, हातात आंबे घेतले. तरी तसंच. मग बोळ कुजबुजू लागला की खूण दुसरी काय असणार, ही दोघं एका दारात दिसायला हवीत.

तिसऱ्या सकाळी मी माडीवरून बघत होतो. आक्कांनी बोळ ओलांडला आणि आण्णांच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आण्णा किंचित सरकले. पोर आली तशी दोघंही तिला आहाराला थांबवत एका सुरात म्हणाली, “वंदामि माताजी, तिष्ठ, तिष्ठ.” ती थांबली. तिनं दोघांकडं नीट बघून घेतलं. मग नजर खाली केली आणि चालू लागली. त्याच दुपारी तिनं गाव सोडलं.

आण्णा कलश धरूनच रडायला लागले. म्हणाले, “वैनी, खूण काय व्हती कुणास ठावं.”

आक्का ती गेली त्या वळणाकडं बघत होत्या. “न्हवतीच, आण्णा. आपल्या दोघांच्या हातचं खायाचं न्हाय, एवढंच ठरवून आलती पोर.”

त्यांचा आवाज फाटला होता. पण खोटं कशाला सांगू, त्यात थोडा अभिमानही होता.