मंडळाची पाणकोंबडी

आमच्या गावच्या युवक मंडळातून मोठं कोण झालं, असं कुणी विचारलं की गावातली माणसं ठरलेली नावं घेतात. एकजण फौजेत सुभेदार झाला. एकाने शेलूबाजारात रोपवाटिका टाकली, त्याची संत्र्याची कलमं आता पार अमरावतीकडे जातात. एक कबड्डीचा पंच आहे, त्याच्या गळ्यात शिट्टी कायम असते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. या सगळ्यांचं मला कौतुक आहेच, पण मला आधी आठवते ती आमची पाणकोंबडी.

आम्ही दोघी एका वयाच्या. मी गावातली, ती नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि तीही ट्रकमध्ये बसून जायची. परत यायची ती ऊन तापल्यावर. शाळा तिच्या वाट्याला अर्धीमुर्धीच आली. उन्हाळा मात्र सगळा गावाकडे.

मंडळाचे अध्यक्ष आमचे दादा. सख्खे नव्हेत, पण अख्खं गाव त्यांना दादाच म्हणायचं. वाशिमला कॉलेज करून शेती करायला परत आले होते. एका उन्हाळ्यात आमच्या आळीतली एक काकू पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली. काठावर बाया होत्या, पण त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. नुसता आरडाओरडा. शेवटी जवळच्या वावरातून एक गुराखी धावत आला, त्याने उडी टाकली म्हणून काकू वाचली.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बैठक होती, व्हॉलीबॉलच्या सामन्यांबद्दल. दादांनी सामन्यांचा विषय काढलाच नाही.

"पाणी भरते बाया आन पोहता येते गड्याईले," ते म्हणाले. "हे उलटं झालं ना बाप्पा. आपण पोरीले पोहणं शिकवू."

गावात हसाहशी झाली. एक म्हातारबुवा दादांच्या ओट्यावर येऊन चिडून म्हणाले, "पोरी विहिरीत उतरवता? लोकं काय म्हणतीन?"

तेव्हा वहिनी, म्हणजे दादांची बायको, दारातून म्हणाली, "मी बसतो ना काठावर काठी घेऊन. कोन काय म्हन्ते ते पाहून घेतो."

आणि ती खरंच बसली. रोज सकाळी पोरींची वेळ. आम्ही सलवार-कमीज घालून, पाठीला तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे बांधून, पायऱ्यांना घट्ट धरून उतरायचो. दादा खाली पाण्यात उभे राहून एकेकीला हात द्यायचे. वर वहिनी काठी आपटत बसलेली, एखादा रिकामटेकडा पोरगा डोकावला की तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

तांड्यावरची ही पोरगी पहिल्याच दिवशी पायऱ्यांशी थांबली नाही. डबा बांधायचाही बाकी होता, तोवर तिने काठावरून सरळ उडी मारली. पोहणं तिला मुळीच येत नव्हतं. बुडबुडे आले, ती आली नाही. दादांनी बुडी मारून तिला वेणीला धरून वर काढलं. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल. वहिनी वरून शिव्या देत होती. श्वास जरा ताळ्यावर आल्यावर ती पहिलं काय बोलली, तर "दादा, अजून एक डाव."

आम्ही बाकीच्या हातपाय मारायला शिकत होतो तोवर ही तळाला जाऊन यायला लागली. कुणाची बादली सुटली, कुणाची कळशी पडली की बाया तांड्यावर निरोप पाठवायच्या. ती यायची, बुडी मारायची आणि गाळाने भरलेली कळशी डोक्यावर धरून वर यायची. पाणकोंबडी हे नाव तिला वहिनीने दिलं. तांड्यावरही तेच चाललं.

कशीबशी बारावी झाल्यावर तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. लग्न झालं की ऊसतोडीला नवराबायकोची, कोयत्याची नवी जोडी तयार, असा हिशेब तिकडे सरळ असतो. दादा तिच्या बापाकडे जाऊन बसले. मी आणि वहिनी सोबत होतो. दादा म्हणाले, "पोरीले पोलीस भरतीची तयारी करू द्या. पळण्यात ते पोट्ट्याईले मागं टाकते."

 बाप म्हणाला, "आन नाई झाली भरती तं?"

"तं लगन कुठी पळून जाऊन राह्यलं?"

बाप हसला, आणि आम्हाला कळलं की जमलं. पहिल्या खेपेला तिची निवड झाली नाही. यादीत नंबर नाही हे पाहून ती गावात आली आणि तडक विहिरीवर गेली, कितीतरी वेळ पोहत राहिली. वहिनी काठावर बसून राहिली. दुसऱ्या खेपेला ती लागली. पुढे पोहणं पाहून तिला शोध-बचाव पथकात घेतलं.

मी लग्न करून वाशिमला आले, शाळेत शिकवायला लागले. आमच्या भेटी कमी झाल्या. मग तो पोळ्याच्या आदल्या दिवसाचा पूर आला.

मी सणाला माहेरी आले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते, हळद-लोण्याने त्यांचे खांदे शेकायचे, म्हणून दादा पहाटेच नाल्यापलीकडच्या गोठ्यावर गेले होते. आठ वाजेपर्यंत नाल्याची नदी झाली. सोयाबीनची वावरं दिसेनाशी झाली. गावाच्या टोकावरून गोठ्याचं नुसतं टिनाचं छप्पर दिसत होतं आणि त्यावर बसलेलं एक माणूस. वहिनी माझा हात धरून उभी होती. 

बचाव पथकाने बोट ट्रकवर घालून आणली. नारिंगी जाकीट घातलेली, केस बारीक कापलेली एक बाई खाली उतरली. वहिनीने तिला क्षणभर ओळखलंच नाही. मग म्हणाली, "तूच आली का वं माय?"

"हो वहिनी. दादा त्या टिनावर हायेत ना? आणतो मी."

पुढचं मला नंतर दोघांनीही सांगितलं. बोट गोठ्याजवळ जाताच पंख्यात गवत अडकलं आणि मोटार बंद पडली. ती कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली आणि पोहत छपराशी पोचली. दादांसाठी जाकीट घेऊन गेली होती. दादांनी ते घेतलं नाही.

"मले कायले पायजे? मले पोहता येते."

"मले माहीत नाई का?" ती म्हणाली. "पर हे विहीर नोहे, दादा. गपगुमान घाला."

"बैल सोडले म्या. ते कुठी गेले पाह्य आधी."

"बैल तुमच्यापेक्षा चांगले पोहते. घाला म्हन्तो ना!"

दादांनी जाकीट घातलं. बक्कल तिनेच लावलं. मग एका हाताने दोर आणि दुसऱ्याने दादा, अशी ती त्यांना बोटीपर्यंत घेऊन आली.

 दोघं काठावर उतरल्यावर वहिनीने आधी पाणकोंबडीला मिठी मारली, मग तिच्या खांद्याशी तोंड लपवून रडली. दादा शेजारी उभे, जाकीट अजून अंगातच. ते म्हणाले, "सोड तिले, ओली हाये ते." त्यावर सगळे हसलो, वहिनीसुद्धा, रडता रडता.

तिला थांबता आलं नाही. मानोऱ्याकडून दुसरा फोन आला होता. वहिनीने भाकर आणि ठेचा पिशवीत बांधून दिला, तिने ट्रकवर बसूनच पहिला घास मोडला.

एक बैल दुपारी टेकाडावर सापडला, शेपटी हलवत उभा. दुसरा पोळ्याच्या सकाळी तांड्याच्या लोकांनी आणून दिला. त्या वर्षी पोळा चिखलातच झाला. झुली भिजलेल्या, शिंगांना रंग नाही. तोरणाखाली बैल उभे केले तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे कुठल्याशा शाळेचा व्हरांडा दिसत होता, लोकं गोधड्या वाळत घालत होती. दादांनी फोन बैलांच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःही मध्ये डोकावले.

"पाह्य, दोघंही हायेत," ते म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुमी जरा बाजूले व्हा दादा, त्याईले नीट पाहू द्या मले."