साडेतीन फुटांचा फरक

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून झाडांवर तांबड्या फुल्या पडल्या, तेव्हा मी चाळिशीत होतो. नाक्यापासून आमच्या दारापर्यंत फुलीची झाडं मी मोजली. एकतीस. एकतिसावा आमच्या दारातला कडुलिंब.

नियम साधा होता. रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वीस फूट. त्याच्या आतलं झाड जाणार.

बायको म्हणाली, "बुंध्याशी एक दगड मांडा, शेंदूर फासा. कोण कुऱ्हाड लावतंय बघू."

"देवाला खोटी साक्ष द्यायला लावू?"

"तो कशाला बोलतोय? तुम्हीच जाऊन सांगाल."

ते खरं होतं. म्हणून मी टेप आणली.

समोर मोठा वड होता. त्याच्यावर फुली नव्हती. त्याच्याखाली एक म्हातारे न्हावी बसत. सगळे त्यांना आबा म्हणत. मी टेपचं दुसरं टोक त्यांच्याच हातात दिलं. गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणात ठेवून ते आले.

"व्हय अण्णा, धरतो. पर झाडाला सदरा शिवताय का काय?"

मोजल्यावर चूक सापडली. वडाखाली आबांची गिऱ्हाइकं आणि भाजीवाल्या बसत, त्यामुळे बैलगाड्या वर्षानुवर्षं आमच्या बाजूनं वळसा घेत. चाकोरीच इकडे सरकली होती. फुल्या मारणाऱ्यानं त्या चाकोरीचा मध्य धरला होता. पण जवळच रस्त्याखालची जुनी मोरी होती आणि तिचे दोन्ही बाजूंचे कठडे काही सरकत नाहीत. त्यांच्यामधला मध्य साडेतीन फूट पलीकडे निघाला. म्हणजे आमचा कडुलिंब अठरा नव्हे, साडेएकवीस फुटांवर. सुटला!

मी आकृती काढून अर्ज केला. ओव्हरसियर आले, त्यांनी मोरीपासून स्वतः मोजलं आणि मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. एकदम बरोबर." शिपायानं आमच्या फुलीवर चुना फासला. मी बायकोकडे जरा ऐटीत पाहिलं.

मग ओव्हरसियरनी टेप फिरवून पलीकडे धरली. वड आधीच्या मध्यापासून बावीस फुटांवर होता. आता साडेअठरा.

मी फक्त बेरीज केली होती. तेच साडेतीन फूट समोरून वजा होणार, हे हिशेबी म्हणवणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी ओव्हरसियरना म्हणालो, "वडाचं राहू द्या हो." ते म्हणाले, "मग तुमची फुली परत मारायची का? मध्य एकच असतो." आबांनी शिपायाला वडावर फुली मारताना पाहिलं आणि ते वस्तरा पाजळत बसले.

वड पाडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वतः आबांची पेटी उचलून आमच्या कडुलिंबाखाली आणली. दाढी करून घ्यायला पहिला मीच बसलो. वस्तरा गळ्यावर असताना माणूस माफी नीट मागतो. आबांनी ऐकून घेतली आणि माझी हनुवटी आणखी वर केली.

वडाखाली अकरा माणसं आरामात बसत. कडुलिंबाखाली चार, तीही अंग चोरून. सावली विरळ, त्यात ती सरकणारी. दुपारपर्यंत पेटी तीनदा हलवावी लागे. दरवेळी आबा पेटीवर वस्तरा आपटून घरात हाक देत, "अण्णा, टेप घिऊन या! सावलीचा मध्य कुठं आला, बघा जरा."

मी जात असे. टेप न घेता.