तळ्यात पुन्हा म्हशी

जाळं वर आलं आणि हिराबाईंचा चेहरा उतरला. जिताडा होता, पण डोकंच मोठं. अंग पार वाळलेलं.

“साएब, वैशाखात पोरीची हलद हाय. पावन्यांना काय काटं वाढू?”

मी मासळीच्या खात्यात नवा असिस्टंट होतो. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. पनवेलहून जासईकडे जाताना खाडीकाठी हे गाव. तिथली रीत अशी, की पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून घरामागच्या तळ्यात सोडायची आणि लग्नकार्यासाठी वाढवायची. हिराबाईंचे यजमान वारलेले. मुलीच्या हळदीला जिताडा वाढायचाच, म्हणून बाई दोन वर्षं मासे राखत होत्या.

हे तळं आमच्या खात्यानं मॉडेल म्हणून निवडलं, आणि दिवाळीआधी मी शहाणपणा केला होता. आळीतल्या म्हशी त्या तळ्यात डुंबायच्या. “घाण करतात,” म्हणून मी त्या बंद करवल्या. पाणी नितळ झालं. बॉस खूश, मी त्याहून खूश.

शेजारच्या गावातल्या म्हशींच्या तळ्यात मलमलीचं फडकं ओढून पाहिलं. हिरवा गाळ आणि त्यात वळवळणारे असंख्य बारीक जीव. आमच्या तळ्यात ओढलं, तर फडकं कोरं!

मग डोक्यात प्रकाश पडला. शेणाचं खत आणि ऊन यांवर पाण्यात बारीक हिरवळ वाढते. आम्ही तिला प्लँक्टन म्हणतो. ती हिरवळ हे बारीक जीव खातात, त्यांना कोळंबी आणि चिल्लर मासळी, आणि त्या मासळीला जिताडा. प्रत्येक पायरीवर बरंचसं खाणं नुसतं जगण्यातच खर्च होतं. म्हणून एका जिताड्याला ढीगभर चिल्लर मासळी लागते. मी पहिली पायरीच काढून घेतली होती. पुस्तक वाचलेल्या माणसाला हे कळू नये, याची मला मनापासून लाज वाटली.

म्हशी पुन्हा तळ्यात सोडू या म्हटल्यावर बॉस भडकले. “आयझॅक, पुढच्या महिन्यात कमिटी हे मॉडेल तळं बघायला येतेय. त्यात म्हशी?”

“सर, कमिटी पाणी बघेल. बाईंना मासा हवाय.”

“चूक तुझी, असं लिहून देशील?”

“देतो.”

दिलं. हिराबाईंना सांगितलं, “म्हशी रोज दोनच तास. शेण फार झालं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात.”

“म्हंजे आमी करत व्हतो तेच ना?”

“हो. मीच मध्ये कडमडलो.”

होळीपर्यंत पाणी हिरवं झालं, काठाला कोळंबी दिसू लागली. वैशाखात जाळं ओढायला चार गडी लागले. जिताडे असे भरले होते, की हिराबाई हसता हसता रडल्या.

आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरात खवल्यांचाच मासा चालतो, हे त्यांनी कुणाकडून तरी काढलं होतं. हळदीच्या दिवशी जिताड्याची मोठी तुकडी खवल्यांसकट घरी आली. सोबत निरोप: “साएबांना सांगा, म्हशीनं पाठवलाय.”

तेव्हापासून तळं तपासताना मी आधी विचारतो, इथे पूर्वी कोण डुंबायचं?