वाढत्या अंगाची जाळी

ईशा, नील,

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवरून तुमचा खेळाचा हॉल दाखवलात. छताखाली ताणलेली जाळी बघून नीलने विचारलं, "आजी, ही मासे पकडायची जाळी वर कशाला लावलीय?" मी तेव्हा हसले, पण उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर भाऊजींबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते त्याच आठवड्यात पेण सोडून गेले होते. आता मन जरा जागेवर आलंय, म्हणून लिहिते.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. समोरच्या माणसाचा चेहरा सोडून त्याच्या डोक्यावरचं छत ओळखणारा असा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. खेळाच्या हॉलमध्ये चेंडू पत्र्याला आणि दिव्यांना लागू नये म्हणून वर जाळी बांधतात. तिचं माप घेणं हा त्यांचा उद्योग. पण उद्योग कामापुरता ठेवावा, हे त्यांना कधी जमलं नाही. लग्नात अक्षता टाकताना सगळे नवरा-नवरीकडे बघत, हे कार्यालयाच्या छपराच्या लोखंडी कैच्या बघत. माझ्याकडे नवा सोफा आला, तो त्यांना वर्षभर दिसला नाही. छताला पोपडा धरला तो मात्र माझ्याआधी दिसला. एका बारशात त्यांनी गॅसचा फुगा मागून घेतला, त्याला दोरा बांधून तो छताला टेकवला, उंचीची खूण म्हणून दोऱ्याला गाठ मारली आणि मगच पेढा खाल्ला. नव्या हॉलमध्ये गेले की आधी जमिनीवर उताणे पडायचे. रोह्याच्या हॉलचे राखणदार इस्माईलभाई, कुवेतला नोकरी करून परतलेले, पहिल्या दिवशी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले होते. भाऊजी पडल्या पडल्या म्हणाले, "ठेवा तिथं. छत झोपूनच कळतं."

माप घेताना त्यांचा एक नेम होता. टेपवर जे येईल त्यावर ते थोडं जास्त धरत. त्यांची आई भात मोजून देताना पायली भरली की वर एक मूठ टाकायची. "काठोकाठ मोजून दिलं की बरकत जाते," असं ती म्हणायची. पायलीचा हा न्याय भाऊजी जाळीलाही लावत. मी एकदा म्हटलं, "अहो, ते भात होतं. ही नायलॉनची दोरी आहे." ते छताकडे बघत म्हणाले, "वहिनी, बरकतीला काय कळतंय?"

एक वर्षी ते शिडीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण ठाण्याहून त्यांचा मुलगा आला आणि त्याने निक्षून सांगितलं, "रोह्याचा हॉल शेवटचा. तुम्ही वर चढायचं नाही, आणि काम मी स्वतः येऊन बघणार. चुकलं असेल तर त्याच गाडीतून ठाण्याला चलायचं." भाऊजींनी शब्द दिला. त्यांना ठाण्याची भीती वाटत होती. मला म्हणाले, "फ्लॅटला छत असतं हो, उंची नसते." उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. मी असले की मुलगा आवाज चढवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आम्ही पोचलो तेव्हा इस्माईलभाई चाकांच्या घोड्यावर चढून जाळी बांधत होते. घोडा म्हणजे रंगारी वापरतात तसं गंजकं लोखंडी मचाण. शेवटचा हूक लागला आणि जाळीने मधोमध पोट सोडलं. इस्माईलभाईंनी खाली येऊन चेंडू वर मारला. तो त्या पोटात जाऊन बसला, परत आलाच नाही.

"काका, ह्यात दोन पोरं आरामात झोपतील," इस्माईलभाई म्हणाले.

भाऊजींचा चेहरा उतरला होता. जाळीच्या कडा शिवणारी रखमाबाय कोपऱ्यात बसली होती. ती वडखळकडची, खाडीकाठची. भाऊजी तिच्याकडे वळले.

"बाय, मी सांगितलं तेवढंच शिवलंस ना?"

"व्हय. तेवढाच. न् वर जरा."

"वर जरा? अगो, वर जरा मी आधीच धरलं होतं!"

"मंग सांगाचा नाय? मोजून मापून मी कोनाला कदी दिला नाय. माज्या आयशीनं पन नाय."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा वडखळच्या पुढे आला होता. जाळी कापायची तर कड उसवून पुन्हा शिवायला सबंध दिवस गेला असता. भाऊजी घोड्याकडे गेले आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, शब्द." तो पाय खाली घेताना त्यांना जेवढं जड गेलं, तेवढं शिडीवरून पडतानाही गेलं नसेल. हात मागे बांधून ते उभे राहिले. आणि मग, माझ्या देखत पहिल्यांदाच, त्यांनी छतावरची नजर काढून माणसाकडे बघितलं. रखमाबायच्या नऊवारीकडे.

"बाय, एवढं लांब लुगडं तुझ्या एवढ्याशा अंगावर कसं बसतं गो?"

"निऱ्या घालते नं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने वर बघितलं. पदर खोचला. "धरा घोडा. निऱ्या माज्या, तं चढनार पन मीच."

इस्माईलभाईंनी आणि मी घोडा धरला. फोन पुन्हा वाजला: मुलगा खांब गावापर्यंत पोचला होता. वर रखमाबाय उत्तरेच्या भिंतीकडे जाळीची एकेक चुणी घेऊन तारेला बांधत होती, आणि खाली भाऊजी हात मागे बांधूनच उभे होते. घोडा जरा हलला की मी पाय आणखी रोवून तो धरत होते. जाळीचं पोट हळूहळू वर गेलं. अडकलेला चेंडू सुटून धप्पकन खाली आला. रखमाबायचा पाय जमिनीला लागला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मुलाने आधी वडिलांच्या कपड्यांवर गंज लागलाय का ते पाहिलं. मग चेंडू घेऊन जोरात वर मारला. जाळी डुलली आणि चेंडू त्याच्या हातात परत आला. त्याने तीनचार ठिकाणी मारून बघितला. शेवटी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, कडेला हे काय?"

भाऊजी म्हणाले, "वाढत्या अंगाचं शिवलंय."

तो हसला तेव्हा मी घोड्यावरचे हात सोडले. त्या संध्याकाळी गाडीत तो एकटाच परत गेला.

त्यानंतर भाऊजींनी कामं घेणं सोडलं, पण पेणला राहून बरीच छतं बघितली. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून ते आपण होऊन ठाण्याला गेले. निघताना माझ्या दारात उभे राहून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मला उगीचच वाटलं, वर बघितलं असतं तर बरं झालं असतं. काल फोनवर विचारत होते, "वहिनी, रोह्याला गेला होतात का?"

मी आज सकाळी जाऊन आले. मुलं खेळत होती. जाळी जागेवर आहे, आणि उत्तरेच्या भिंतीकडे रखमाबायच्या निऱ्याही आहेत.

तुमची,
आजी