रेवाचा दाखला

सुनेत्रा माईणकर सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. सांगलीहून चेन्नईला येऊन तिला चौदा वर्षं झाली. यंदा तिच्याकडे स्वीडनमधल्या एका नगरपालिकेचं काम आलं. तिथली मुलं सोळाव्या वर्षी तीन वर्षांच्या पुढच्या शाळेत जातात. कुणी विज्ञान घेतं, कुणी सुतारकाम, कुणी स्वयंपाक. मूल ज्या शाळेत जाईल तिला नगरपालिका त्याच्यापोटी पैसे पाठवते, मग शाळा सरकारी असो की खासगी.

पहिल्याच आठवड्यात सुनेत्राने चूक कळवली: विद्यार्थ्याने भरायच्या फीचा रकाना राहून गेलाय.

"राहिला नाही," नगरपालिकेतली उल्रिका फोनवर म्हणाली. "विद्यार्थी फी भरतच नाही. पुस्तकं मिळतात, बहुतेक ठिकाणी जेवणही मिळतं. वर सरकार दर महिन्याला थोडे पैसे देतं."

सुनेत्रा तेव्हा हसली होती. जुलै संपेस्तोवर तिचं हसू आटलं.

तिची मुलगी रेवा घराजवळच्या खासगी शाळेत अकरावीला, बायॉलॉजी ग्रुपला होती. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून शाळेने तो ग्रुप गळ्यात मारला, आणि खरं सांगायचं तर सुनेत्रानेही मान डोलावली होती. दोन महिन्यांत पोरगी सुकून गेली. "आई, मला कॉमर्स पाहिजे," एवढंच म्हणायची. शाळा ग्रुप बदलून देईना. अड्यारच्या एका शाळेत जागा होती, पण शुक्रवारपर्यंतच, आणि आधीच्या शाळेचा दाखला हवा होता.

रेवाच्या शाळेच्या ऑफिसातले हरिप्रसाद राव तंजावरकडचे मराठी. सुनेत्राला वाटलं, आपलं माणूस आहे, काम होईल.

"दाखला मिळेल अम्मा," ते गोड हसून म्हणाले. "बारावीची फीसुद्धा भरून टाका."

"बारावीची? ती इथे बारावीला नसणारच ना!"

"सीट दोन वर्षांची असते अम्मा. रिकामी राहिली तर मॅनेजमेंट मला विचारेल."

मंगळवारी ती प्रिन्सिपलना भेटायला गेली, तर ते मीटिंगमध्ये होते. बुधवारी ते आलेच नाहीत. सुनेत्रा ऑफिसबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसली. त्या दिवशी तपासायचं होतं ते नेमकं हेच: मुलाने वर्षाच्या मध्येच शाळा बदलली तर? तिने बटण दाबलं. जुन्या शाळेचे पैसे थांबले, नव्या शाळेचे सुरू झाले. संपलं. तिला लॅपटॉप भिंतीवर आपटावासा वाटला.

"जुन्या शाळेने मुलाला सोडलंच नाही तर?" तिने उल्रिकाला फोनवर विचारलं.

"सोडलं नाही म्हणजे? मूल काय शाळेच्या मालकीचं आहे?" मग ती म्हणाली, "आमच्याकडे सगळं छान आहे असं समजू नकोस. जागा नसेल तर मुलं अडकतात. कंपन्या शाळा चालवून नफा काढतात, त्यावरून रोज भांडणं होतात."

सुनेत्राला त्या भांडणांचाही हेवा वाटला.

गुरुवारी तिने शाळेला लेखी कळवलं की दाखला दिला नाही तर ती शिक्षण खात्याकडे तक्रार करणार. शुक्रवार तसाच गेला. सोमवारी रावांनी दाखला पुढे सरकवला. बारावीच्या फीचं नावही काढलं नाही. अकरावीची भरलेली मात्र गेली ती गेलीच. तोवर अड्यारची जागाही भरली होती.

शेवटी तिरुवल्लिकेणीतल्या एका अनुदानित शाळेने रेवाला कॉमर्सला घेतलं. फी नावापुरती, पण बसने जायला दीड तास आणि यायला दीड तास. रेवा तक्रार करत नाही. सुनेत्राच रोज सकाळी बस सुटताना चडफडते.

दाखला मिळाल्यावरही ती तक्रार लिहायला बसलीच. रेवाने विचारलं, "आता कशाला, आई? मिळाला ना?"

"तुझ्या जुन्या वर्गात अजून किती जणींना तो ग्रुप नको आहे?"

रेवाने बोटांवर मोजलं. "सात."

सुनेत्राने ती सात नावं लिहून घेतली.