बाई आणि इस्तंबूलची भिंत

पुण्याहून आमच्याकडे फरीदाबादला कोणीही पाहुणा आला की माझ्या सासूबाई त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी तुघलकाबादच्या किल्ल्यावर नेत. लाल किल्ला, कुतुबमिनार त्यांच्या मते "नंतरही पाहता येतात." तुघलकाबादलाही आत शिरण्याआधी तटाच्या कडेने जमेल तेवढं चालावं लागे. माझे सख्खे काका मे महिन्यात असे चालले आणि उरलेली दिल्ली त्यांनी आमच्या सोफ्यावर, पायांना तेल लावत पाहिली. "भिंत आधी, महाल नंतर," सासूबाई म्हणत. "महाल काय, हौस असली की कोणीही बांधतो. भिंत घाबरलेला माणूस बांधतो."

घरात सगळेच त्यांना बाई म्हणत. करोल बागेतल्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. माझा नवरा निखिल सहावीत त्यांच्याच वर्गात होता. वर्गात आई म्हणायचं नाही, असा नियम होता. पुढे वर्ग सुटला, पण 'बाई' आणि अहो-जाहो सुटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं. पंधरा दिवसांनी मीही बाई म्हणू लागले. निवृत्तीनंतर दर शनिवारी त्या एकट्या मेट्रोने करोल बागेत जात आणि पाच-सहा मुलींची परीक्षेची तयारी करून घेत. माझ्या मुलीचं, इराचं, दिल्लीत बिघडलेलं मराठीही त्याच दुरुस्त करत. इरा म्हणे, "आजी, मला भूक लागून राहिली आहे." बाई म्हणत, "लागून राहिली असेल तर राहू दे. लागली असेल तर जेवायला ये."

बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा निखिल म्हणाला, "परदेशात जाऊ या. कुठे, ते तुम्ही सांगा." बाईंनी हातातली भाजीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "इस्तंबूल. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, असं इतक्या मुलांना सांगितलं. कुठून शिरले, ते एकदा जाऊन बघायला नको?" वस्तीतल्या चोरीचा पंचनामा राहून गेला असावा, असा सूर होता.

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम मी ऑफिसच्या सवयीने एक्सेलमध्ये केला होता. नऊला मोठी मशीद, अकराला राजवाडा, एकला जेवण. हॉटेलच्या नाश्त्याला बाईंनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.

"यात भिंत कुठे आहे?"

"चौथ्या दिवशी. वेळ उरला तर."

"चौथ्या दिवसाचं कोणी सांगावं? आज ऊन चांगलं आहे. चलो."

मशिदीसमोरची रांग पाहून निखिलने तोडगा काढला. "यार मेघना, तू जा ना बाईंबरोबर. मी नि इरा रांगेत थांबतो." म्हणून आम्ही दोघी ट्रॅममध्ये बसलो.

भिंत प्रचंड होती, आणि तिच्या पायथ्याशी कोणीतरी कांद्याची पात लावली होती. जुन्या खंदकाच्या जागी भाजीचे वाफे, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई खुरपत बसलेली. बाईंनी तिच्याशी सरळ हिंदीत बोलायला सुरुवात केली. "दीवार के ऊपर कैसे जाते हैं?" त्या बाईचा चेहरा उजळला. "दुवार, दुवार!" (तुर्कीतही भिंतीला हाच शब्द निघाला) म्हणत तिने बोटाने जिना दाखवला आणि पातीची एक जुडी माझ्या हातात दिली. "बघ," बाई मला म्हणाल्या, "बोललं की समजतं."

जिना दगडी, झिजलेला. कठडा नाही. मी म्हटलं, "बाई, नको." त्या म्हणाल्या, "तुघलकाबादला कुठे होता कठडा?" आणि गेल्या. मी खाली त्यांची पर्स, पाण्याची बाटली आणि कांद्याची पात सांभाळत उभी राहिले. दहा मिनिटांनी त्या वरच्या पायरीशी दिसल्या. पण खाली येईनात.

"या ना, बाई."

"येते."

आल्या नाहीत. मग हाक आली, "मेघना, जरा वर ये."

मी अक्षरशः रांगत वर गेले. बाई दगडाला धरून उभ्या होत्या.

"मला पायरी कुठे संपते ते दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या डोळ्याने दिवाळीपासूनच दिसत नाही. डाव्याचंही आता फार खरं नाही." गॅस संपल्याचं सांगावं तसं.

"डॉक्टरांना दाखवलं नाहीत?"

"दाखवलं की निखिलला कळणार. त्याला कळलं की मेट्रो बंद. मुलींची परीक्षा मार्चमध्ये आहे."

मला संताप आला होता, पण त्यांचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार होता. मी एक पायरी खाली उतरायचे, त्यांचा पाय धरून माझ्या पायरीवर ठेवायचे, मग त्या बसत बसत खाली सरकायच्या. मध्यावर त्या म्हणाल्या, "थांब. मला भीती वाटते आहे." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. खालून ती वाफ्यातली बाई खुरपं टाकून वर आली आणि तिने बाईंचा दुसरा पाय धरला. अठरा पायऱ्यांना आम्हांला पाऊण तास लागला.

जमिनीवर आल्यावर बाईंनी साडी झटकली. "निखिलला सांगू नको." मी बरं म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर निखिल तापलेला होता. "कुठे होतात? फोन का नाही उचलला?"

"रस्ता चुकलो," मी म्हटलं. "मग बाई एका बाकावर बसल्या. मग ट्रॅम उशिरा आली."

तोंडी परीक्षा ऐकावी तसं बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेघना खोटं बोलते आहे, आणि तयारी न करता बोलते आहे. मी भिंतीवर अडकले होते. मला एका डोळ्याने दिसत नाही. ओरडायचं ते फरीदाबादला जाऊन ओरड. आता भात मागव."

निखिलने चमचा खाली ठेवला. "आई," तो म्हणाला.

बाईंनी त्याला दुरुस्त केलं नाही.

काचबिंदू निघाला. उजवा डोळा परत आला नाही. डावा औषधांवर दोन वर्षं टिकला. मेट्रो बंद झाली नाही, फक्त शनिवारी मी बरोबर जाऊ लागले. त्या माझा दंड धरून चालत आणि पुढे किती पायऱ्या आहेत हे मलाच सांगत. मुली पास झाल्या. एक नापास झाली. तिला बाईंनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने बाई गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, इस्पितळात, दुपारी मी त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. मनात होतं ते विचारून टाकलं. "बाई, त्या दिवशी दहा मिनिटं वर काय बघत होतात?"

"काय असणार? अलीकडे घरं, पलीकडे घरं. दोन्हीकडे धुणं वाळत घातलेलं. छान वारं होतं. मग परत फिरले, तर पायरी दिसेना."

"मग?"

"मग काय," बाई म्हणाल्या आणि फोडीसाठी हात पुढे केला. "तुला हाक मारली."