नोहेमीताईंचा निरोप आणि साहेबांचं आमेन

फाकातातिवा गावातल्या आमच्या गुलाबांच्या कंपनीत नोहेमीताई पॅकिंग सांभाळतात आणि कायम वैतागलेल्या असतात. मी शेजारीच देठं छाटते, त्यामुळे सगळा वैताग आधी माझ्या कानावर येतो.

मॅनेजर ओव्हिडिओसाहेबांनी 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणत व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. कामाचा प्रत्येक निरोप तिथेच टाकायचा, असा हुकूम सुटला. झालं, उजाडायच्या आत मारियामातेचे फोटो आणि आशीर्वाद सुरू, आणि प्रत्येकाखाली सगळ्यांचं आमेन. नाही लिहिलं तर माणूस शिष्ट ठरतो.

परवा पहाटे ताईंनी ग्रुपवर लिहिलं, "कोल्डरूम बंद पडली आहे. आज गुलाब तोडू नका."

तरी सकाळी ट्रॉल्या भरभरून गुलाब आले, आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या.

साहेब धावत आले. "नोहेमीताई, मला कळवायचं तरी."

"कळवलं होतं, साहेब. तुमचं उत्तरही आलं." ताईंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. निरोपाखाली पहिलंच आमेन साहेबांचं होतं.

"अहो, मला वाटलं नेहमीचाच आशीर्वाद..."

"देवापर्यंत पोचलं असेल. मेकॅनिकपर्यंत नाही पोचलं."

काल साहेबांनी ग्रुपवर लांबलचक माफी मागितली आणि शेवटी लिहिलं, यापुढे प्रत्येकाने निरोप नीट वाचूनच उत्तर द्यावं. मी ते वाचून संपवेपर्यंत खाली आमेनची रांग लागली होती.

ताईंनी ती रांग बघितली आणि मला म्हणाल्या, "लिही बाई तूही. नाहीतर शिष्ट म्हणतील."